पायाचा रेडिओ

मिसरी ही तंबाखूच असते. एवढं एक वाक्य वाचून कुणी हा मजकूर बाजूला ठेवला तरी चालेल, माझं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ज्यांना वाचायचं आहे त्यांनी जरा दमानं घ्यावं. मी बोलका माणूस नाही, आणि जे सांगायचं आहे ते सांगायला मी आधीच फार उशीर केला आहे.

मी पाटकरी होतो. देवळाली प्रवरेच्या बाजूला पाटाच्या एका चारीवर माझी नेमणूक होती. चारी म्हणजे मोठ्या पाटातून शेतांकडे जाणारा लहान फाटा. तिची दारं उघडायची, लावायची, कुणाची पाण्याची पाळी कधी ते बघायचं, आणि तोंडापासून शेवटापर्यंत चालत फिरायचं. शेवटाला आम्ही टेल म्हणतो. तोंडाशी असलेले लोक उसाला पोटभर पाणी घेतात आणि टेलला नुसता ओलावा पोचतो, हे आमच्याकडचं रोजचं भांडण. टेलचा एक म्हातारा मला म्हणायचा, "भाऊसाहेब, आवंदा पानी न्हाई आलं आमच्याकडं, पान्याचा वास आला." मी हसू दाबून पुढं जायचो.

त्या म्हाताऱ्याची मला पुढं दवाखान्यात फार आठवण झाली.

* * *

सुरुवात पोटरीपासून झाली. बांधावरून थोडं चाललं की डावी पोटरी आवळून यायची, आतून कुणी दोरी पिळत असल्यासारखी. थांबलं की सुटायची. पुन्हा चाललं की पुन्हा तेच. थांबलो की मी विडी काढायचो. पाटकरी लंगडतोय असं लोकांना दिसण्यापेक्षा विडी ओढतोय असं दिसलेलं बरं. पाय रक्त मागत होता आणि मी त्याला विडी देत होतो.

मग नव्या वहाणेनं अंगठ्याजवळ कातडं सोललं. केवढंसं ते, पण भरेना. अंगठा लाल झाला, मग जांभळा. आडवं पडलं की ठणका असा उठायचा की पाय खाटेखाली सोडून बसावं लागायचं. गिरजानं वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक दिला. मला चटका कळलाच नाही. उठून बघतो तर टाचेला फोड. पुढं डॉक्टरांनी बजावलं की अशा पायाला कधी शेक देऊ नये, त्याला भाजलेलंसुद्धा समजत नाही. हे ज्यांच्या कामाचं असेल त्यांनी लक्षात ठेवावं.

गिरजा म्हणजे माझी बायको. चारचौघांत मी तिचं नाव घेत नाही, आमच्यात तशी रीत नाही. इथं मुद्दाम घेतो आहे.

* * *

नगरच्या रुग्णालयात ज्या दिवशी दाखवलं त्या दिवसातलं मला फार थोडं आठवतं, पण ते थोडं काही केल्या पुसत नाही. एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी माझ्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मग बोटं सरकवली. घोट्यामागं दाबली. पुन्हा पावलावर आणली.

"काय बघताय, साहेब?"

"नाडी."

"नाडी हाताला असती ना?"

"पायालाही असते."

"मग?"

"लागत नाही."

नाडी लागत नाही, हे शब्द आमच्याकडं एकाच वेळी म्हणतात. वैद्य मनगट सोडून देतो, आणि मागं उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावतात. मी टेबलावर धडधाकट बसलो होतो आणि माझा एक पाय माझ्या आधी गेला होता.

डॉक्टरांनी विडीचं विचारलं. मी म्हटलं, मिसरूड फुटायच्या आधीपासून. ते म्हणाले, रक्ताच्या नळ्या तंबाखूनं सुजून बंद पडत चालल्यात. आज, आत्ता सुटली पाहिजे. नाहीतर बोटं जातील, मग पाऊल, मग गुडघा. मग दुसऱ्या पायाचा नंबर.

दवाखान्यात राहायचं म्हणून कपडे आणायला घरी गेलो तेव्हा वाटेत पाटाच्या पुलावर थांबलो आणि खिशातलं बंडल पाण्यात टाकलं. पाणी त्या वर्षी तळालाच होतं, दुष्काळाचं वर्ष. बंडल वाहून गेलंसुद्धा नाही, गाळात रुतून बसलं. पण त्या दिवसापासून आजवर मी विडीला हात लावलेला नाही. हे खरं आहे. हे खरं होतं म्हणूनच पुढचं खोटं मला इतकं सोपं गेलं.

* * *

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर रंभाजी होता. पाथर्डीकडचा, ऊसतोडीला जाणारा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. त्याला माझाच आजार, पण दोन पावलं पुढं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला होता आणि जखम भरायची वाट बघत तो पडून होता. पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडं, मग माझ्या अंगठ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "या पाव्हनं. लई दिवस झालं, सोबतच न्हवती."

माझी आई व्हरांड्यात मुक्कामाला होती. गिरजा घर आणि जनावरं बघून एक दिवसाआड एसटीनं डबा घेऊन यायची. सकाळ झाली की झाडलोट, मग चहा, मग सिस्टर ताप बघायला यायच्या, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली दाराशी वाजली की वॉर्डातली बोलणी बंद व्हायची. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. भीती कशी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. फुटलेल्या बांधावर मी उभा राहिलेलो आहे, कोयते घेऊन भांडायला आलेल्या लोकांच्या मधे गेलेलो आहे. ती भीती येते आणि जाते. ही जात नव्हती. पांघरुणाखाली माझ्याबरोबर निजलेली असायची.

या सगळ्याच्या आधी, तोंड धुताना, मी मिसरी लावायचो. लावायचो म्हणजे काय, दात घासायचो. आमच्या भागात कोण लावत नाही? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. गिरजा भाजून आणायची, मलमाच्या रिकाम्या डबीत. आई लावायची, गिरजा लावायची, मी लावायचो. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं तेव्हा मिसरी माझ्या मनातसुद्धा आली नाही. तंबाखू म्हणजे विडी आणि पानातली चिमूट. मिसरी म्हणजे दात.

* * *

रेडिओ हे नाव रंभाजीनंच ठेवलेलं. पुण्याचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा नगरला येत. नळ्यांचे मोठे डॉक्टर, विलायतेत शिकून आलेले, आणि येताना तिकडून एक डबा घेऊन आलेले. ट्रान्झिस्टरएवढा डबा, त्याला वायर, वायरच्या टोकाला पेन्सिलीसारखी दांडी.

"भिऊ नगा," रंभाजी म्हणाला. "सुई न्हाई, कापनं न्हाई. पायाला रेडिओ लावत्यात. फकस्त स्टेशन लागाया पायजे."

मी घाबरलो होतो ते सुईलाच. वॉर्डात बोलणं होतं की नळ्या बघायच्या तर पाठीत लांब सुई घालून औषध सोडतात आणि फोटो काढतात. त्यापुढं हा डबा म्हणजे देवमाणूस वाटला. डॉक्टरांनी जांघेत गार चिकट मलम लावलं, दांडी टेकवली, आणि डबा बोलायला लागला. फुस्स, फुस्स, फुस्स. माझ्या छातीच्या ठोक्याबरोबर. मला वाटलं कुणीतरी धापा टाकतंय. तो मीच होतो, आतून.

"काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं. ही दांडी आत एक आवाज सोडते, आपल्या कानाला न लागणारा. आत रक्त वाहत असेल तर त्याला आपटून तो बदलून परत येतो. जितका वेग तितका बदल. तो बदल हा डबा आपल्याला ऐकवतो."

"आणि वाहत नसंल तर?"

"तर आवाज गेला तसाच परत येतो. डबा गप्प बसतो."

दांडी गुडघ्यामागं गेली. आवाज आला, पण जांघेतल्यापेक्षा मऊ. घोट्याच्या आतल्या बाजूला बराच वेळ त्यांनी दांडी इकडं तिकडं तिरकी केली आणि मग कुठून तरी लांबून एक बारीक सूंऽ आला, वाऱ्यानं दाराच्या फटीतून यावा तसा. मग पाऊल. मग अंगठ्याचं मूळ.

डबा गप्प बसला.

मी चारी पाहिलेली आहे. तोंडाशी किती, मध्याला किती, टेलला किती, हे मला कुणी समजावून द्यायला नको होतं. डॉक्टर म्हणाले, अंगठा जाईल. पण घोट्याशी आवाज आहे. बारीक आहे, तरी आहे. तंबाखू पूर्ण बंद राहिली तर शेजारच्या लहान नळ्या मोठ्या होऊन आडवाटेनं रक्त नेतात. "पुढच्या महिन्यात बघू. घोट्याशी आवाज टिकला तर पाय टिकला."

"आणि न्हाई टिकला तर?"

त्यांनी माझ्या गुडघ्याच्या चार बोटं खाली हात ठेवला.

* * *

अंगठा काढला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्यानंतर एका सकाळी सिस्टर पलीकडच्या एका म्हाताऱ्या पेशंटला रागावत होत्या. "आजोबा, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. विडी सोडून मिसरी लावायची म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवण्यासारखं आहे." गिरजा तेव्हा माझ्या खाटेपाशी डबा सोडत बसली होती. दोघांनी ऐकलं.

सिस्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "अवं, मिसरीबी तंबाखूच म्हनं."

"त्या म्हाताऱ्याचं येगळं हाय."

"काय येगळं?"

"मी डॉक्टरांना इचारलंय. तुमाला चालंल म्हनले."

"मंग ठीक," ती म्हणाली. डॉक्टरांचं नाव घेतल्यावर तिचा प्रश्न संपला. दोन दिवसांनी ती ताजी भाजलेली मिसरी घेऊन आली.

मी डॉक्टरांना काहीही विचारलेलं नव्हतं.

का असं केलं, हे मला पुष्कळदा स्वतःला विचारावं लागलं आहे. मिसरीवाचून परसाकडं होत नाही, हे एक कारण. मिसरी लावणाऱ्यांना ते समजेल, इतरांनी हसावं. दुसरं कारण भीती. ती काळी पूड हिरडीवरून फिरवताना डोकं जरा सैल पडायचं आणि तेवढा वेळ पाय आठवायचा नाही. पाय जाईल या भीतीनं मी जे करत होतो त्यानंच पाय जाणार होता. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. रोज सकाळी मी मनात म्हणायचो, एवढी डबी संपू दे.

* * *

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले त्या दिवशी गिरजा आणि आई दोघीही खाटेपाशी होत्या. मी मुद्दाम बोलावलं होतं. चांगलंच ऐकायला मिळेल असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

जांघ बोलली. गुडघा बोलला, पण त्याचा आवाज बसलेला होता. घोट्याशी दांडी टेकली. डॉक्टरांनी मलम पुन्हा लावलं. दांडी उभी धरली, आडवी धरली, डब्याचं बटण पिळलं. नुसती खरखर. आमच्या सगळ्यांच्या माना त्या डब्याकडं वाकल्या होत्या. रंभाजीनंसुद्धा त्याच्या खाटेवर श्वास धरला होता.

"तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडली, साहेब. त्याच दिवशी."

"तोंड उघडा."

हिरड्या काळ्या होत्या. त्यांनी सिस्टरांकडं पाहिलं. सिस्टरांनी उशीखाली हात घातला आणि डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला.

"ही कुणी दिली?"

मी वर छताच्या पंख्याकडं बघत होतो. आई म्हणाली, "कोन देनार? हिच भाजती, हिच आनती. मी कवाधरनं म्हंते, लई लाड नगं करू." आईच्या स्वतःच्या ओठांना तेव्हा मिसरीची काळी रेघ होती.

डॉक्टर शांतपणे गिरजाकडं वळले. "बाई, तुम्हाला तुमच्या नवऱ्याचा पाय पाहिजे होता की नको होता?"

ती माझ्याकडं बघायला लागली. फार वेळ नाही. एखाद्यानं दारातून आत डोकावून घरात कुणी आहे का बघावं, तेवढंच. मी पंख्यावरची नजर काढली नाही. मग तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला आणि म्हणाली, "चुकलं, सायेब."

मी गप्प बसलो. वाहत्या पाण्याला आवाज असतो आणि थांबलेल्याला नसतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलंच होतं.

* * *

पाय गुडघ्याखाली गेला. शुद्धीवर आलो तेव्हा नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली होती. खाजवायला हात खाली नेला आणि हात गादीवर पडला. तेव्हा रडू आलं. त्याआधी आलं नव्हतं.

रंभाजीनं थोडे दिवस जाऊ दिले. मग एका दुपारी म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचं पाऊल केवढं?"

"का?"

"माझा डावा हाय, तुमचा उजवा. दोघात मिळून एकच वहाणेचा जोड घिऊ. निम्म्यात भागतंय."

वॉर्ड हसला. मीही हसलो, आणि हसता हसता घाबरलो, कारण उजव्याची खात्री कोण देणार होतं? डबी सापडली त्या दिवशी डॉक्टरांनी जाताना उजव्या पायालाही दांडी लावली होती. घोट्याशी आवाज होता, पावलावर डबा कुरकुरला होता. "हा राखायचा," एवढंच ते म्हणाले होते. तेव्हापासून मी दिवसातून कितीदा तरी उजव्या पावलावर दोन बोटं ठेवून डोळे मिटायचो. कधी नाडी लागायची. कधी माझ्या बोटाचीच नाडी मला लागायची आणि मी फसायचो.

मिसरी त्या दिवशी सुटली ती सुटली. गिरजानंही सोडली. एक शब्द न बोलता. घरातला मिसरीचा तवा तिनं घासून भाकरीला घेतला.

भेटायला येणाऱ्यांत मात्र एक गोष्ट फिरत राहिली. आई व्हरांड्यात बसून प्रत्येकाला सांगायची, आणि ते आत येऊन माझ्या खाटेच्या काठावर बसून म्हणायचे, "काय करता, बायकोनंच पाय घालवला म्हनल्यावर." मी हूं म्हणायचो. ते हूं मी किती जणांना दिलं याचा मला हिशेब नाही. घरी आल्यावरही तेच. पाणवठ्यावर बायका तिला म्हणत, "गिरजे, आता दुसरा तरी संबाळ गं बाई." ती घागर उचलून घरी यायची आणि माझ्या उजव्या पायाला कोमट पाण्यानं धुवून, बोटांच्या मधलं कोरडं करून, खोबरेल लावायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, रोज. आमच्यात बोलणं होई ते एवढंच. "दुखतंय का?" "न्हाई." "सांगा बरं का." "सांगतो."

आजारी माणसाजवळ जे राहतात त्यांना काय होतं, हे कुठं लिहिलेलं मी वाचलं नाही. ती वाळली होती. एसटीत उभी राहून नगरला यायची आणि आल्यावर माझ्याच खाटेखाली बसून भाकरी खायची. माझी एकच तक्रार असायची, कालवण गार झालं.

* * *

उजवा पाय दाखवायला गेलो ती आतापर्यंतची शेवटची भेट. मी, गिरजा आणि आई असे तिघं होतो, मी कुबड्यांवर. बाकावर बसलो. उजव्याचा डबा गप्प बसला तर काय, एवढा एकच विचार. दोन्ही पाय नसलेला माणूस मी नगरच्या स्टँडवर पाहिला होता, हातानं ढकलायच्या फळीवर.

डॉक्टरांनी डबा काढला, बटण फिरवलं, ठोकला. "सेल उतरलेत. मोठा आवाज निघणार नाही. कानातूनच ऐकावं लागेल." त्यांनी पिशवीतून कानात घालायच्या नळ्या काढल्या आणि डब्याला जोडल्या. मलम लावता लावता त्यांनी गिरजाकडं पाहिलं. डबी विसरले नव्हते.

"काय बाई, आता तरी मिसरी देत नाही ना?"

"न्हाई, सायेब," ती म्हणाली. पदर पुढं ओढत. अगदी तशीच.

मला वाटतं तो पदर मला सहन झाला नाही. धीर वगैरे काही नव्हता. मी बोलून गेलो.

"साहेब, मिसरी तिनं मनानं दिली न्हवती. तिनं मला इचारलं हुतं. मी तिला सांगितलं, डॉक्टरांनी परवानगी दिलीया. मी तुमाला इचारलंच न्हवतं."

डॉक्टरांचा हात माझ्या पावलाच्या वर थांबला. आई म्हणाली, "काय बरळतोय ह्यो?"

"बरळत न्हाई, आई. सिस्टरांचं आमी दोघांनी ऐकलं हुतं. मला ठावं हुतं."

आई उठली. काठी घेऊन बाहेर गेली आणि दाराबाहेरच्या बाकावर पाठ करून बसली. गिरजा हलली नाही. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांनी काही उपदेश केला नाही. त्यांनी नळ्या कानात घातल्या, दांडी टेकवली आणि डोळे मिटले.

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. मला तर नाहीच. माझ्या पायात काय चाललंय ते एका माणसाच्या कानात चाललं होतं. त्यांची भुवई हलली की माझं काळीज हलायचं. मग त्यांनी दांडी तशीच धरून ठेवली, दुसऱ्या हातानं कानातल्या नळ्या काढल्या आणि गिरजापुढं धरल्या.

"तुम्ही ऐका, बाई."

तिनं पदर मागं सारला. नळ्या कानात घालायला तिला जमेना, डॉक्टरांनी सांगितलं कशा ते. मग ती ऐकत राहिली. चारीवर ती मला भाकरी घेऊन यायची तेव्हा पाळी सुटायची वेळ असली की आम्ही दोघं कोरड्या चारीच्या काठावर बसत असू. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. पाचोळा पुढं ढकलत, ढेकळं फोडत येतं. माझ्या आधी तिला ऐकू यायचं. ती बोट वर करायची.

तिनं बोट वर केलं नाही.

"काय येतंय ऐकाया?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारलं. मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते खोटं सांगितलं होतं, आणि आता डब्यात काय वाजतंय ते ती सांगेल तेच मला खरं धरायचं होतं. तिला पाहिजे तेवढा वेळ तिनं घेतला.

"बारीक हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पन वाजतंय."

* * *

स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो तेव्हा आई लांब, पाण्याच्या नळाजवळ. गिरजानं समोर बघतच विचारलं, "तवाच बोलला असता तर पाय ऱ्हायला असता का?"

"डॉक्टरांना मी इचारलं. सांगता येत न्हाई म्हनले. खरंच इचारलं."

"हूं."

राहुरीची गाडी लागली, सुटली. ती आमची नव्हती.

"आत्याबाईंना घरी गेल्यावर परत एकदा सांगा," ती म्हणाली. "नीट, बसवून. आन् ज्याला ज्याला हूं म्हनला, त्याला त्याला सांगा. मी कुनाला सांगनार न्हाई. माझं ते काम न्हाई."

म्हणून हे लिहिलं. आईला सांगितलं, ती ऐकून घेते आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागते. टेलपर्यंत कुबड्यांवर जाऊन पुष्कळांना सांगितलं. त्या म्हाताऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, आमाला तवाच वाटलं हुतं. ती बाई तशी न्हाई." तर त्यालाही वाटलं होतं, आणि तोही गप्प बसला होता. रंभाजी कुठल्या कारखान्यावर कोयत्याशिवाय काय काम करतो मला माहीत नाही. सगळे हूं मला आठवत नाहीत. राहिलेल्यांपैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी ते आपल्या घरात मोठ्यानं वाचून दाखवावं.

माझ्यासारखा पाय असेल त्यांना एवढंच सांगतो. डॉक्टर तंबाखूचं विचारतील तेव्हा विडी, चिलीम, पानातली चिमूट, आणि दात घासायची डबी, सगळं त्यांच्यापुढं ठेवा. डब्याची भीती बाळगू नका, तो दुखवत नाही. आणि तो गप्प बसला तर तुम्ही तरी गप्प बसू नका.

पुढल्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. भीती गेलेली नाही. आता सकाळी गिरजा लिंबाच्या दोन काड्या तोडून आणते, एक माझ्यापुढं ठेवते आणि दुसरी चावत गोठ्यात जाते. दवाखान्यात नवे सेल आले असतील, तरी मी डॉक्टरांना सांगणार आहे की मोठा आवाज नको, कानातल्या नळ्याच काढा. ती ऐकेल. मी तिच्या तोंडाकडं बघत राहीन.